आक्कांना मोकळं करा!

अर्ज लिहावा तर आपणच! माझा अर्ज वाचून दगडी भिंतीलाही ओल येते, असं सगळे म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण कोणी खोडून काढत नाही!

आमच्या ऑफिसातलं प्रती काढायचं मशीन म्हणजे आमच्या आक्का. बारा वर्षांची सेवा! नवीन मशीनसाठी साहेबांनी मुख्य कार्यालयाला सात रुक्ष पत्रं धाडली. उत्तर शून्य.

"साहेब, आठवं मी लिहितो!" मी बाह्या सरसावल्या आणि लिहिलं :

"आक्का थकल्या आहेत. सकाळी अंगात ऊब यायला वीस मिनिटं लागतात. चार कागदांत धाप लागते, कण्हतात, काळं ओकतात. तरी त्या उभ्याच! त्यांना आता सन्मानाने मोकळं करा."

'मशीन' हा शब्द तेवढा लिहायचा राहिला.

तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाच्या मोठ्या बाई स्वतः हजर! मागे डॉक्टर, चाकांची खुर्ची आणि फुलांचा गुच्छ.

"कुठे आहेत आक्का?" बाई गरजल्या. "काळं ओकणाऱ्या बाईला उभं ठेवता? लाज नाही वाटत?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एवढ्या चपळाईने त्यांनी कधी सहीसुद्धा केली नव्हती! मी कोपऱ्यात गेलो.

"बाई... या आक्का."

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून गुपचूप खिशात घातला.

"मशीन?" बाई तापलेल्या तव्यासारख्या लाल! त्यांनी पिशवीतून माझं पत्र काढून नाचवलं. "याच पत्रावर तुम्हाला घरी बसवते! काढा याची प्रत!"

साहेबांनी पत्र आक्कांच्या तोंडात दिलं. आक्का कण्हल्या. थरथरल्या. घर्रर्र करून पत्र आत ओढलं, चावून चोथा केला आणि बाईंच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर काळ्या भुकटीचा ढग ओकला!



"लक्षणं पत्रात लिहिल्याप्रमाणेच आहेत," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

बाईंनी आधी डोळे वटारले, मग ओठ दाबले, मग चाकांच्या खुर्चीत बसून पोट धरधरून हसल्या. "न्या हिला! नवीन मशीन मंजूर!"

आक्का त्याच खुर्चीतून, डोक्यावर गुच्छ मिरवत, टाळ्यांच्या गजरात बाहेर पडल्या. आणि मी? जगज्जेता! साहेबांनी चक्क मिठी मारली!

नवीन मशीन आलं. सोबत बाईंचा आदेश : 'यंत्रांचं मन जाणणारे एकमेव कर्मचारी म्हणून यांची नेमणूक यापुढे मशीनपाशी. पूर्णवेळ.'

पंधरा दिवस उभा आहे. मशीन तसं गुणी आहे हो, पण भारीच शिष्ट! अजून माझ्याशी एक अक्षर बोललेलं नाही.