बायको बारीक झाली आणि दाराला कडी लागली

बायकोच्या ऑफिसच्या खुर्चीला एक छोटीशी गादी करून द्यावी, एवढंच माझ्या मनात आलं होतं. त्यातून प्रकरण लेडी डॉक्टरच्या केबिनपर्यंत जाणार हे ठाऊक असतं, तर मी गपचूप दुकानातच बसून राहिलो असतो.

माझा धंदा सोफ्यांना कव्हरं घालण्याचा. (लोक कशावर बसतात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.) तर आमच्या हिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवायची इंजेक्शनं घेतली आणि बघता बघता ही निम्मी झाली. सगळं गणगोत वाहवा करत होतं. ही मात्र गप्प गप्प! कपडे बदलायचे तर दाराला कडी. भरदुपारी बेडरूमचे पडदे बंद. मी जवळ सरकलो की ही भिंतीकडे सरकणार. आता भिंत आणि ही यांच्यामध्ये बोट घालायलाही जागा उरली नव्हती, तरी सरकायची.

मला वाटलं, झालं! बारीक झाल्यावर हिला आरशात दुसरीच कोणी दिसली असणार आणि त्या दुसरीला नवरा म्हणून मी पसंत नसणार. जीव नुसता टांगणीला लागला हो.

अशात ती एकदा म्हणाली, "ऑफिसात बसवत नाही. खुर्चीवर हाडं टोचतात."

आयती संधी! मी टेप काढला, मागून गेलो आणि माप घ्यायला लागलो.

"अगं बाई! हे काय करताय?"

"गादीचं माप घेतोय. तुझा मागचा फोम बसलाय ना, म्हणून..."

पुढचं मला नीट आठवत नाही. (टेप कपाटाच्या वर सापडला.)

घाबरून मी मेहुणीला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली, मग माझ्यावर उखडली.

"भाऊजी, तिला लाज वाटते हो! वजन उतरलं, तशी छातीही उतरली. पोटाची, मांड्यांची कातडी लोंबायला लागली. खालीसुद्धा सगळं सैल नि कोरडं पडलंय, जवळ आलं की दुखतं. हे तुम्हाला ती कुठल्या तोंडाने सांगणार?"

मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती तर! (माणूस किती आपमतलबी असतो बघा.) त्या आनंदात मी घरी जाऊन बायकोची समजूत काढली.

"अगं, यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? जुन्या सोफ्यातला कापूस काढला की कव्हर सैल पडणारच. म्हणून सोफा कोणी टाकून देतं का?"

ती जी रडायला लागली! "सोफा? मी सोफा? आणि तोही जुना?"

शेवटी हातापाया पडून तिला लेडी डॉक्टरकडे नेलं. बाईंनी तिला तपासलं आणि मग मला आत बोलावून शांतपणे समजावलं. वजन झपाट्याने उतरलं की बऱ्याच जणींचं असं होतं. व्यायामाने थोडं भरून येईल, थोडं तसंच राहील. दुखण्यावर जेल देते, पण घाई अजिबात करायची नाही.

"म्हणजे आतलं अस्तर कोरडं पडलंय," मी म्हणालो. टेबलाखाली बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

"अगदी बरोबर!" बाई खूश झाल्या. "तुम्ही मेडिकल लाइनमध्ये आहात का?"

"नाही, सोफ्यांमध्ये."

बायको फस्सकन हसली. किती दिवसांनी हसली, काय सांगू!

पुढच्या रविवारी दुपारी ती पलंगाच्या कडेला येऊन बसली. "खरं सांगा. मी आता पूर्वीसारखी दिसत नाही. तुम्हाला नकोशी झाले तर?"

फोम, अस्तर, कापूस, काही म्हणजे काही सुचेना. "अगं, मला वाटत होतं, मीच तुला नकोसा झालोय. घाबरून अर्धा झालो मी."

ती उठली, स्वतःच्या हाताने तिने पडदा बाजूला सारला आणि गाउन उतरवला. "बघा मग. आहे ही अशी आहे."

मी बघितलं. माझीच बायको होती ती, आणि मला फार आवडली. "छान दिसतेस," एवढंच म्हणालो. (आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर थांबलो.)

"आता तुम्ही," डोळे पुसत ती म्हणाली. "लाजायचं तर दोघांनी."

मी मोठ्या ऐटीत शर्ट काढला. बनियन काढला. पोट आत ओढून उभा राहिलो, पण श्वास किती वेळ धरणार? तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उठून खसकन पडदा लावून टाकला.

"अगं, पुन्हा लाज वाटली?"

"मला कसली लाज! समोरच्या गच्चीवर कबुतरं बसलीयत. लेकुरवाळी आहेत बिचारी, घाबरतील."