सोन्याच्या पाण्यात मीठ

"नॅनो म्हणजे काय, हे विक्रोळीच्या मुलांना मी एका तासात समजावीन!" अशी प्रतिज्ञा विज्ञानशिक्षक सहदेव सरांनी मुख्याध्यापकांसमोर केली. पवईच्या एका संस्थेने शाळेला प्रयोगपेटी पाहावयास दिली होती. पाठ पसंत पडला तर पेटी कायमची शाळेची, अन्यथा ती दुसऱ्या शाळेत जाणार! आणि सरांच्या प्रयोगशाळेत तर एक तडकलेले भिंग आणि अर्धा सांगाडा एवढेच वैभव उरले होते.

पेटीत एक बाटली होती. तिच्यातील पाण्यात सोन्याचे कण इतके सूक्ष्म होते, की सोने पिवळे न दिसता लालभडक दिसे! बाटली थंड जागी ठेवावी, एवढे सोबतच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावरून जाणून, पुढील पाने न उलटताच सरांनी ती घरच्या फ्रिजमध्ये स्थानापन्न केली.

सकाळी पाहतात तो पाणी निळे! साप चावलेल्या माणसासारखे निळे!

"आये! ह्यात काय घातलंस?"

"मीठ," त्यांच्या मातोश्री जानकीबाई शांतपणे उत्तरल्या. "बिनमिठाचा आगळ टिकता काय रे?"

"कोकमाचा आगळ न्हय ता! सोन्याचा पाणी होता!"

"मास्तर झालंस आणि सोना लाल म्हणतंस? रडा नको. तसाच लाल करून देतंय."

सरांची विचारशक्ती तेव्हा पूर्णतः मावळली होती. निळे पाणी मोरीत गेले आणि बाटलीत कोकम विराजमान झाले.

वर्गात संस्थेच्या रुचिराताई मागच्या बाकावर बसल्या. सर सुवर्णकणांविषयी गहिवरून बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पेटी जणू आपलीच झाली! तोच रुचिराताई उठल्या.

"मस्त, सर! आता मेन प्रयोग करा ना. पुस्तिकेत शेवटी दिलाय तो. मीठ घाला, लाल पाणी निळं होईल."

न उलटलेली पाने सरांना आता आठवली. तथापि त्यांनी पेटीतल्या पुडीतले मीठ घातले. चिमूटभर. मग मूठभर. अखेर पुडीच रिती केली. पाणी लाल ते लालच!

पुढच्या बाकावरील तेजलने बाटली हुंगली. "सर, हे कोकम आहे ना?"

सारा वर्ग हसला. रुचिराताईंनी मात्र पेटीचे झाकण लावले, आणि तेच सरांना अधिक लागले. दुपारी पेटी रिक्षात चढली. मुले फाटकापर्यंत तिच्यामागे गेली.

संध्याकाळी जानकीबाई दारातच उभ्या होत्या. "जमला मा रे?"

सरांनी खाली पाहत चपला काढल्या.

"मीठ जरा जास्त झाला, आये."

"मगे उद्या कमी घालतंय!"