सॉनाची यादी आणि न सापडणारी डिस्क

मे महिन्यातले सकाळचे ऊन फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात घाईने येत नाही. आधी ते अंगणातल्या बर्चच्या उघड्या फांद्यांवर रेंगाळले, मग सायकलींच्या कड्यांवर, आणि शेवटी तळमजल्यावरच्या सामायिक खोलीच्या काचेशी येऊन, हिवाळाभर साचलेली धूळ वाचत बसल्यासारखे थबकले. आत उतरले तेव्हा त्याचा पिवळेपणा संपला होता; ते ताकासारखे फिके झाले होते. टेबलावरून, कॉफीच्या यंत्रावरून सरकत ते सिंकवरच्या जाळीच्या कपाटात शिरले, जिथे धुतलेले कप पाणी निथळत उभे असतात. बशांच्या मागे काहीतरी रुपेरी चकाकले. ओत्सोला ते केकचे भांडे वाटले, आणि उजेड इतका एकटा का असतो, या विचारात तो पुन्हा बुडाला.

पण आज उदास व्हायला सवड कुठे होती? आज त्याचा दिवस होता!

चोवीस घरांच्या या इमारतीत तो दोन वर्षे राहत होता, आणि गेल्या आठवड्यापर्यंत शेजाऱ्यांशी एकूण अकरा शब्द बोलला होता. आज वसंतातली सामुदायिक सफाई. सगळ्यांनी मिळून अंगण झाडायचे, मग सॉसेज भाजायचे, आणि पाच वाजल्यापासून आपापल्या वेळेला तळघरातल्या सॉनात, म्हणजे सामायिक बाष्पस्नानाच्या खोलीत जायचे. झाडायचे म्हणजे कोणाच्या तरी शेजारी उभे राहायचे, आणि शेजारी उभे राहिले की बोलावे लागते! त्यापेक्षा ओत्सोने सोसायटीच्या म्हाताऱ्या संगणकात नवी प्रणाली घालायचे काम अंगावर घेतले होते.

"एका तासात लिनक्स बसवतो!" अध्यक्ष हिल्काबाईंना त्याने छाती काढून सांगितले होते. "जुन्या फायलींच्या शेजारी. त्यांना धक्कासुद्धा लागणार नाही. ती भिंतीवरची सॉनाच्या वेळांची यादी काढून टाका आता, संगणकावरच बघू, कागदाचा जमाना गेला!"

"बघ हं," हिल्काबाई म्हणाल्या होत्या. "जमलं, तर शनिवारची आठची वेळ रिकामी आहे. तुझं नाव घालते. दोन वर्षांत मागितली का नाहीस रे?"

मागायची कशी, हेच तर त्याला कळले नव्हते.

नऊ वाजता त्याने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर अक्षरे उमटली: 'हार्ड डिस्क सापडली नाही.'

ओत्सोच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आव्हान! कोपऱ्यात कालेर्वो बसले होते. तिसऱ्या मजल्यावरचे, कागद गिरणीतून निवृत्त झालेले, गुडघ्यामुळे झाडण्यातून सुटलेले. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, पडद्याकडे पाहिले, ओत्सोकडे पाहिले, आणि दुसरा घोट घेतला.

"सेटिंग चुकलंय!" ओत्सो ओरडला. "डिस्क रेड पद्धतीवर ठेवलीय, ती एएचसीआयवर आणली की झालं!"

खिडकीतून हिल्काबाईंनी अंगणात बातमी दिली, "सापडलं!" खराटे थांबले, दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

'हार्ड डिस्क सापडली नाही.'

"सुरक्षित बूट बंद करायला हवं!" सापडली नाही. "पेनड्राइव्हच खराब!" दुसरा लावला, सापडली नाही. "लिनक्सची जुनी आवृत्ती घेऊ!" सापडली नाही. दर वेळी हिल्काबाई "सापडलं!" म्हणत, आणि दर वेळी टाळ्या ओसरत जात, हिवाळ्यातल्या दिवसासारख्या.

"संगणकाचा डबा उघडून बघ ना," त्या शेवटी म्हणाल्या.

"गरजच नाही! काल आतली धूळ साफ केल्यावर डिस्क मी स्वतः बसवलीय." त्याने वही पुढे धरली. 'सहा: डिस्क परत बसवणे.' पुढे देखणी बरोबरची खूण. यादीतल्या सगळ्या खुणा आपण काम सुरू करण्याआधीच, रांग सुबक दिसावी म्हणून केल्या होत्या, हे त्याने स्वतःलाही आठवू दिले नाही.

"बरं, तोवर ती कागदाची यादी लावू परत."

"कुठे आहे?"

"मला काय विचारतोस? तूच जुन्या कागदांत टाकलीस! त्यावर सॉसेजची शेगडी पेटवली!"

दुपार कलली. बातमी चोवीस घरांत पोचली. एकाच वेळी तीन घरे सॉनाच्या दाराशी आली. खांद्यावर टॉवेल, हातात आंघोळीत अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्या, प्रत्येकात दोन हात अंतर, आणि कोणी चकार शब्द बोलेना. म्हणजे भांडण पेटले होते! या इमारतीत लग्ने मोडली होती, माणसे वारली होती, पण सॉनाची वेळ कोणी सोडली नव्हती.

ओत्सोचे कान तापले. कल्पना संपल्या. मग त्याने दोन वर्षांत न केलेली गोष्ट केली.

"कालेर्वो," तो पुटपुटला, "तुम्हाला काय वाटतं?"

कालेर्वोंनी कप ठेवला. उठले, सिंकवरचे कपाट उघडले, बशांमागून हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"काल धूळ काढताना तू इथे ठेवलीस. मग डब्याचे स्क्रू मात्र छान आवळलेस. वरून कप गळत होता, म्हणून मी ही जरा बाजूला सरकवली."

"तुम्ही... सकाळपासून... बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." कप पुन्हा उचलत म्हणाले, "आणि किती खुशीत होतास!"

डिस्क बसली. क्षणात सापडली. पाऊण तासात लिनक्स उभे राहिले, जुन्या फायलींतली सॉनाच्या वेळांची यादी उघडली, आणि आठच्या रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकू लागला. खऱ्याखुऱ्या टाळ्या! टॉवेल घेतलेली अख्खी रांग दारात गोळा झाली. हिल्काबाईंनी कीबोर्डवर बोटे ठेवली.

"घालते हं तुझं नाव. पण आधी सांग बाबा, बिघाड होता तरी काय? काय केलंस शेवटी?"

ओत्सोच्या ओठांवर एक भारदस्त वाक्य तयार होते; त्यात एएचसीआय दोनदा येत होते. कालेर्वो रिकाम्या कपात पाहत होते. त्यांना कोणी विचारणार नव्हते, म्हणजे ते सांगणारही नव्हते. तिरपे ऊन कपाटाच्या जाळीवर येऊन थांबले होते.

"मी डिस्क बसवलीच नव्हती," ओत्सो म्हणाला.