दोष नसलेली स्की

रोसविताच्या बाइंडिंगमध्ये दोष आहे, ही बातमी सेराफिनने सकाळच्या कॉफीबरोबर दिली आणि आफ्राने कपात दुसऱ्यांदा साखर घातली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने पुन्हा सांगितलं. आखेनताल खोऱ्यात स्कीचं दुकान एकच, ते सेराफिनचं, त्यामुळे कंपनीचा निरोप त्याच्याकडेही आला होता. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ. यंदाच्या सर्वांत हलक्या बाइंडिंगमध्ये पुढची दोन पोलादी टोकं बुटाला चिमट्यासारखी धरत, आणि कडाक्याच्या थंडीत नेमका तिथलाच धातू तडकत होता. मग बूट नको त्या वेळी सुटायचा. ज्यांनी ती घेतली असतील त्यांनी ताबडतोब वापर थांबवावा, असा निरोप होता.

"बिचारी रोसविता," आफ्रा म्हणाली. आवाजात तिने जमेल तेवढी दया घातली. सेराफिनने तिच्याकडे एकदा पाहिलं. वाकड्या बसलेल्या स्क्रूकडे तो असाच पाहत असे.

या दयेमागे गुरुवार होता. दर गुरुवारी गावातल्या पाच-सहा बायका स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून डोंगर चढत आणि वरून घसरत खाली येत. ताज्या बर्फात जी पुढे चालते ती वाट पाडते. बाकीच्या तिच्या मागून, तिच्याच खुणेत स्की सरकवत येतात. चढ किती ठेवायचा, कुठे वळायचं, दम कधी खायचा, सगळं तिच्या मनावर. शिवाय ती वाट पुढचा बर्फ पडेपर्यंत गावातून दिसते. रविवारी प्रार्थना सुटली की माणसं चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळत, डोंगराकडे बघत आणि म्हणत, "आफ्राची वाट. पट्टी ठेवून आखल्यासारखी." हे वाक्य ऐकायलाच आफ्रा प्रार्थनेला येते, हे फादरनाही माहीत होतं. त्यांची हरकत नव्हती.

मग व्हिएन्नाहून रोसविता आली. नोकरी संपवून डोंगरात राहायला आलेली, उंच, हसरी, आणि पायात लोण्याच्या पुड्याहून हलकी बाइंडिंग. हजार मीटरच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करायचं नाही, असा इथला रिवाज. गावच मुळी त्याहून उंचावर, त्यामुळे रोसविताने पहिल्याच दिवशी आफ्राच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "तू दमलीस का गं? थांब, मी जाते पुढे." आफ्रा दमली नव्हती. बुटाचा बक्कल लावायला वाकली होती. पण ती सरळ होईपर्यंत रोसविता बरीच पुढे गेली, आणि तेव्हापासून ती पुढेच राहिली. चर्चच्या पायऱ्यांवर आता व्हिएन्नावालीच्या वाटेचं कौतुक होऊ लागलं. आफ्राला सर्दी होऊ लागली, ती नेमकी रविवारी.

तर गुरुवारी आफ्राने गाडीतळावर, सगळ्या जमल्याची खात्री करून घेऊन, रोसविताला तिच्या बाइंडिंगमधला दोष समजावून सांगितला. तिने काही वाढवून सांगितलं नाही. फक्त सावकाश सांगितलं.

रोसविता तिच्या गळ्यात पडली. "तू माझा जीव वाचवलास," ती म्हणाली आणि खरोखर रडली. मग तिला आठवलं की मागे एकदा आडव्या उतारावर तिचा बूट आपोआप सुटला होता आणि ती बर्फात बसली होती. तेव्हा तिला तो आपलाच वेंधळेपणा वाटला होता.

ही बसण्याची गोष्ट पुढच्या गुरुवारी पडण्याची झाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी उताराखाली एक कडा आला. बुर्गी, जी गावातली प्रत्येक गोष्ट दोन घरं पुढे पोचवत असे, ती त्या दिवशी रोसविताच्या बरोबर मागे होती आणि तिने तेव्हा काहीच पाहिलं नव्हतं. आता तिला तो कडासुद्धा आठवू लागला. तिने रोसवितासाठी सफरचंदाचा श्ट्रूडल भाजून आणला. कंपनीने माफीचं पत्र आणि नवीन बाइंडिंग पाठवली, पहिल्याहूनही हलकी. दोषामुळे रोसविता भाड्याच्या जड स्कीवर मागे पडली आणि आफ्राला पुढे चालायला मिळालं ते नवीन बाइंडिंग येईपर्यंत, आणि तेवढ्या काळात मागून सगळा वेळ फक्त रोसविताच्या कड्याची गोष्ट ऐकू येत होती. वाट कुणी पाडली याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आफ्राच्या पोटात दुखू लागलं. आधी तिला रोसविताच्या हलक्या बाइंडिंगचा हेवा वाटत होता. आता तिला त्यातल्या दोषाचा हेवा वाटू लागला. तिची स्वतःची बाइंडिंग जुनी, जड, सेराफिनने लग्नानंतर स्वतःच्या हाताने बसवलेली. ती कधीच सुटली नव्हती. न सुटणाऱ्या बाइंडिंगची गोष्ट कोण ऐकणार?

"यांच्यात काहीच दोष नाही?" तिने एकदा सेराफिनला विचारलं.

"आपल्या दोघांना पुरून उरतील," तो अभिमानाने म्हणाला.

खोऱ्यात सेराफिनचं नाव होतं ते यामुळेच. त्याने बसवलेलं बाइंडिंग सैल होऊन परत आलं, असं कधी झालं नव्हतं. पर्वतबचाव पथकाच्या साऱ्या स्की त्याच्याकडेच असत. दुकान चालायचं ते या एका नावावर.

मग एका गुरुवारी आफ्राने जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. बेत अगदी साधा होता. माथ्यावरून उतरताना ती सर्वांत मागे राहणार. तिच्या जुन्या स्कीला ब्रेक नव्हता. सुटलीच तर पळून जाऊ नये म्हणून बुटाला एक छोटी पट्टी हुकाने अडकवलेली असायची. तो हूक ती आधीच काढून ठेवणार. उतारावरच्या खानावळीच्या वरच्या अंगाला एक मऊ खोलगट जागा होती. तिथे काठीच्या टोकाने पुढची कळ दाबायची, पाय काढायचा आणि ओरडायचं. स्की चार हात जाऊन खोलगटात थांबेल. बाकीच्या वळून बघतील. पुढचं बुर्गी सांभाळून घेईल.

हूक काढला. कळ दाबली. पाय निघाला. आफ्रा ओरडलीसुद्धा, आणि चांगली ओरडली. फक्त ती खोलगट जागा त्या दिवशी मऊ नव्हती. आदल्या दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांनी तिची काच केली होती. स्की खोलगटात शिरली, पलीकडच्या काठाने वर आली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि मग खाली निघाली.

ती रोसविताच्या शेजारून गेली, बुर्गीच्या पुढून गेली. खानावळीच्या अंगणात फादर उन्हात बसले होते. त्यांच्यासमोर काइझरश्मारनचा, म्हणजे साखर भुरभुरलेल्या जाड घावनाच्या तुकड्यांचा, तवा नुकताच आला होता. कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी काटा हातात धरूनच पाय वर घेतले. स्की दोन बाकांच्या मधून, टेबलाखालून गेली. जाताना तिने टेबलावरच्या कापडाचं लोंबतं टोक पकडलं, आणि कापड, तवा, घावन सगळं घेऊन ती पलीकडच्या लाकडाच्या ढिगात शिरली. घोडं थांबल्यावर झूल सावरावी तसं ते कापड तिच्यावर येऊन बसलं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका पायावर घसरत, पडत, उठत आफ्रा खाली पोचली तेव्हा सगळ्या तिच्याभोवती जमल्या. खानावळीच्या मालकिणीने जर्दाळूची दारू आणली. रोसविताने स्वतःचं जाकीट तिच्या खांद्यावर घातलं आणि म्हणाली, "मला विचार. मला माहीत आहे काय वाटतं ते." बुर्गी काहीच बोलत नव्हती, म्हणजे मनात जुळवाजुळव करत होती. आफ्राने डोळे मिटले. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पण आफ्रा," बुर्गी अखेर म्हणाली, "ही बाइंडिंग बसवली कुणी होती?"

सगळ्यांनी आपापल्या स्कीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे माणसं उभी होती, प्रत्येकाच्या खांद्यावर स्की. सगळे अगदी सभ्यपणे बोलत होते. सहज आलो, इकडून चाललोच होतो, एकदा नजर टाक म्हटलं. इकडून कुणीच चाललेलं नव्हतं. रस्ता दुकानाशी संपतो. दुपारी पर्वतबचाव पथकाचा प्रमुख आला आणि पथकाच्या साऱ्या स्की ठेवून गेला. जाताना म्हणाला की पुढच्या हिवाळ्याचं काम शेजारच्या खोऱ्यातल्या दुकानाला द्यावं का, असा एक विचार पथकात निघाला आहे. अजून नुसता विचारच आहे, असंही म्हणाला.

सेराफिनने सगळ्यांच्या स्की तपासल्या. मग बायकोची स्की मेजावर शिकंज्यात धरून तो दोन दिवस तिच्यापुढे बसला. यंत्राने ओढून पाहिली, गोठवून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने क्नोडल, म्हणजे पावाचा उकडलेला गोळा, ताटात तसाच ठेवला. त्यांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं.

"दोष सापडत नाही," तो म्हणाला.

आफ्रा आपल्या ताटाकडे बघत राहिली.

"स्क्रू घट्ट आहेत. स्प्रिंग ठीक आहे. जेवढ्या जोराला सुटायला हवं तेवढ्यालाच सुटतं. आणि समज, सुटलं. तरी स्की पळायला नको. पट्टी असते. पट्टी तुटलेली नाही. आणि तिचा हूक दाबल्याशिवाय उघडत नाही." तो पाणी प्यायला. "दाबायला अंगठा लागतो."

"माझा," आफ्रा म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. वाट, चर्चच्या पायऱ्या, लोण्याचा पुडा, बुर्गीचा श्ट्रूडल. सांगताना तिला स्वतःलाच ते शाळकरी मुलींच्या भांडणासारखं वाटलं, पण तिने काही गाळलं नाही. "तिचं तुटलं म्हणून तिला सगळे विचारतात," ती शेवटी म्हणाली. "माझं कधी तुटलंच नाही."

"ते मी तुटू दिलं नाही," सेराफिन म्हणाला. "मला वाटायचं, ते चांगलं असतं."

ती गुरुवारी सगळ्यांसमोर कबूल करायला तयार होती. सेराफिनने खूप विचार केला आणि नको म्हणाला. तसं केलं तर दुकान वाचेल, पण तिच्या मागून कोण चालेल? जी स्वतःची स्की स्वतः सोडते तिच्या वाटेवर कुणी पाय ठेवणार नाही. आफ्राला हे पटलं. तिला लाजही वाटली, पण पटलं.

शनिवारी गावातल्या खानावळीत डोंगर मंडळाची बैठक होती. सेराफिन, जो अशा बैठकीत वर्षानुवर्षं फक्त बिअर मागायला तोंड उघडत असे, उभा राहिला. तो म्हणाला की बाइंडिंगमध्ये काही बिघाड नाही, पट्टीचा हूक जुना झाला होता आणि तो बदलायला हवा होता. "मी बदलला नाही. चूक माझी." ज्यांच्या पट्ट्या जुन्या असतील त्यांना नवे हूक फुकट बसवून देतो, एवढं बोलून तो बसला.

खोऱ्यात एका दुकानदाराने चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पथकाच्या प्रमुखाने येऊन त्याचा हात दाबला आणि पुढच्या हिवाळ्याचा विषय निकालात निघाला. आफ्राने सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धा आत असतानाच पलीकडच्या टेबलावरून रोसविता उठली.

"मला कंपनीने दोन पानी पत्र पाठवलं," ती म्हणाली. "सगळी माफी. पण चूक कुणाची, ते दोन्ही पानांत नाही. आणि हा माणूस बघा." ती सेराफिनच्या शेजारी येऊन बसली. "सेराफिन, माझी नवीन बाइंडिंग तूच पुन्हा बसव. माझा आता दुसऱ्या कुणावर विश्वास नाही."

सेराफिन कानापर्यंत लाल झाला. तो असा लाल झालेला आफ्राने शेवटचा पाहिला तो त्यांच्या लग्नात.

मंगळवारी रोसविता स्की घेऊन दुकानात आली आणि दुपारपर्यंत तिथेच होती. सेराफिन तिला स्प्रिंगबद्दल सांगत होता. स्प्रिंगबद्दल तो इतका वेळ बोलू शकतो हे आफ्राला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. बुधवारी रोसविता स्वतः भाजलेला केक घेऊन आली. तिचं म्हणणं असं की बाइंडिंग मेजावर कशी वागतात ते ठीक, पण डोंगरावर कशी वागतात तेही त्याने एकदा बघायला हवं. सेराफिनने गुरुवारी दुकान बंद ठेवलं. आफ्रा सांगून सांगून दमली होती तरी त्याने ते कधी बंद ठेवलं नव्हतं.

गाडीतळावर रात्रभर पडलेला ताजा बर्फ होता. रोसविताने आफ्राच्या पाठीवर थाप मारली.

"आज तू जा गं पुढे. तुझ्यासारखी वाट कुणाला पाडता येते? मी आपली मागे राहते, सेराफिनबरोबर. त्याला माझं डावं बाइंडिंग बघायचंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आफ्रा पुढे निघाली. समोर संपूर्ण कोरा उतार, मागे सगळ्या रांगेत, हिवाळाभर ती याचसाठी झुरली होती. ती शंभर पावलं सरळ गेली असेल, तेव्हा रांगेच्या अगदी टोकाला कुणीतरी हसलं. मग सेराफिन काही म्हणाला, आणि तो हसण्याचा आवाज पुन्हा आला.

पुढे चालणारीला मागे बघता येत नाही. बघितलं की चाल मोडते. बघता येतं ते फक्त वळताना, तोंड फिरवून उलट दिशेला लागायचं असतं तेव्हा. तेव्हा खालची सारी रांग, शेपटापर्यंत, अगदी स्वच्छ दिसते.

आफ्रा वळली. थोडं पुढे जाऊन पुन्हा वळली.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर माणसं बराच वेळ डोंगराकडे बघत उभी होती. एवढ्या मोकळ्या, सोप्या उतारावर ती वाट आजारी गांडुळासारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे गेली होती.

"छान आहे," सेराफिन म्हणाला. "वळणं जरा जास्त आहेत."

"बर्फच तसा होता," आफ्रा म्हणाली.

पण एवढ्या वळणांमुळे वाटेला चढ असा उरलाच नव्हता, आणि त्या दिवशी कुणालाच दम लागला नव्हता. हे सगळं सेराफिन सोबत असल्यामुळे झालं, असं बुर्गीचं मत पडलं, आणि त्याने आता दर गुरुवारी यावं असं पायऱ्यांवरच एकमताने ठरलं.