आप्पांचे टाळ आणि आदित्यचं हसू

या, असे पुढे या. खांबाला टेकलेल्यांनीही जरा सरकून जवळ बसा, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. कीर्तन ऐकता ऐकता माणूस मनाने कुठल्या कुठे जातो, हे तुम्ही जाणताच. पण एक भला माणूस कीर्तन ऐकायला निघाला आणि देहासकट भर नाटकात जाऊन उभा राहिला, ती गोष्ट तुमच्या कानावर आली नसेल. ऐका तर. मध्ये हसलात तरी चालेल, देव रागवायचा नाही.

सुरतेला, डिंडोलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, रविवारी सकाळी भिकनआप्पा कळण्याची भाकरी खात बसले होते. समोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, त्यांचा जावई अक्षय बसला होता.

"योगिता," आप्पा लेकीला म्हणाले, "त्यांना विचार, ठेचा पाहिजे का."

"समोर तर बसलेत आप्पा. तुम्हीच विचारा की."

"तू विचार."

"अहो, ठेचा हवाय का?"

"आप्पांना सांग, नको म्हणून," अक्षय ताटात बघत म्हणाला.

दोन वर्षं हे असं चाललं होतं. आप्पा नंदुरबारकडच्या आपल्या खेड्यात चाळीस वर्षांचे टाळकरी. गावात कीर्तन उभं राहिलं आणि बुवांच्या मागे आप्पा नाहीत, असं कधी झालं नव्हतं. जावई कापड मार्केटात एका पेढीवर नोकरीला, तिथवर सगळं ठीक होतं. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अक्षय हौसेने सांगून बसला की तो नाटकांत काम करतो. "तोंडाला रंग लावायचा आणि दुसऱ्याचं बोलणं आपलं म्हणून बोलायचं! हे कसलं काम?" एवढं बोलून आप्पांनी जावयाशी सरळ बोलणं थांबवलं ते थांबवलंच. आताही ते आले होते ते योगिताला सातवा महिना लागला म्हणून, मालतीबाईंनी जवळजवळ ओढून आणलं म्हणून.

"आई, बाळ आलं की त्यालाही असंच मध्ये धरून बोलतील का गं हे दोघं?" योगिता स्वयंपाकघरात मालतीबाईंना म्हणाली. "बाळा, त्यांना सांग, बाळा, आप्पांना सांग! त्या लेकराने दूध कधी प्यायचं?"

मालतीबाई हसल्या, पण डोळ्याला पदर लावून. बाळ येण्याआधी या दोघांचं तोंड एकमेकांकडे वळावं, एवढंच त्या माउलीलाही हवं होतं.

योगिताने मग एक युक्ती काढली. त्याच संध्याकाळी चार वाजता शहरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये अक्षयच्या मंडळाचं नाटक स्पर्धेत होतं, आणि नाटकात अक्षय चक्क कीर्तनकार बुवा झाला होता. ती आप्पांपुढे जाऊन म्हणाली, "आप्पा, आज एसी हॉलमध्ये कीर्तन आहे. जायचं?"

तसं पाहिलं तर ती खोटं बोलली नव्हती. कीर्तन होतंच. त्याच्या आजूबाजूला नाटक होतं, एवढं फक्त तिने सांगितलं नाही.

"बुवा कोण?" आप्पांनी डोळे बारीक केले.

"नवे आहेत. तरुण आहेत."

"तरुणांना तर टाळाची साथ पाहिजेच," असं म्हणून आप्पांनी पिशवीतून बुक्क्याची डबी काढून खिशात घातली आणि टाळांचे दोन जोड धुवून पुसून पिशवीत ठेवले. एक आपला, आणि एक कुणाला लागला तर.

अक्षय दुपारीच निघून गेला. "आप्पांना सांग, ऑफिसात काम निघालं." रविवारी ऑफिसात कसलं काम, हे आप्पांनी विचारलं नाही. विचारायचं तर योगितामार्फत विचारावं लागलं असतं, आणि त्यांना उशीर होत होता.

हॉलच्या दारात आप्पांनी आधी चपला काढल्या. मागून येणारे चार जण त्यांच्याकडे बघून थबकले. त्यांनीही बूट काढायला घेतले. दारावरचा वॉचमन हिलाल धावत आला. तो शिरपूरकडचा, आणि आप्पांचं धोतर पाहून त्याच्या तोंडात आपोआप अहिराणी आली.

"बाबा, चपला मझार चालतस. पन पिशवीमा काय शे?" चपला आत चालतात, असं सांगून त्याने पिशवीकडे बोट दाखवलं.

"टाळ शेतस."

"मझार कीर्तन शे का?"

"शे ना भो. पोरगी सांगस."

हिलालने एकदा बाहेरचा नाटकाचा बोर्ड पाहिला, एकदा आप्पांचा चेहरा पाहिला. लोखंडी, पितळी वस्तू आत सोडायची नाही असा नियम होता. पण टाळाला वस्तू कोण म्हणणार? "लई जा, बाबा. मना नावनी बी एक टाळी वाजाडा," तो म्हणाला.

आत गेल्यावर दुसरी अडचण. बुवा उभे आणि आपण मऊ खुर्चीत पाठ टेकून बसायचं, हे आप्पांना पटेना. ते सरळ खाली, मधल्या वाटेत मांडी घालून बसले. बॅटरीवाल्या माणसाने येऊन उठवलं. ते खुर्चीवर बसले, पण मांडी घालूनच. तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि सगळा हॉल अंधारला.

"लाईट गेली!" आप्पा ताडकन उभे राहिले. "अरे, जनरेटरवर कोण आहे?"

"बसा हो," मालतीबाईंनी धोतराचा सोगा ओढला. "मुद्दाम घालवतात ती."

पडदा उघडला. घराचा देखावा होता, आणि त्यात दोन भाऊ तावातावाने भांडत होते. थोरला मिशीवाला ओरडत होता की या घरात टाळ वाजू देणार नाही. धाकटा हात जोडत होता. आप्पांचा लांबचा चष्मा मालतीबाईंच्या पर्समध्ये होता. कीर्तन कानाने ऐकायचं असतं, म्हणून तो त्यांनी मागितलाही नव्हता.

"यजमानाच्या घरात भांडण दिसतंय," ते मालतीबाईंच्या कानाशी पण चांगल्या मोठ्याने म्हणाले. "मिटवायचं आधी, मग लोकांना बोलवायचं. काही रीत आहे का नाही?"

पुढच्या रांगेतल्या एक गुजराती बाई वळल्या. "काका, शांति राखो ने."

"मी पण तेच म्हणतो, बेन. ते दोघं शांत झाले की बुवांना सुरू करता येईल."

योगिताने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या अंकात एकदाचे बुवा आले. पांढरं धोतर, डोक्यावर फेटा, छातीपर्यंत दाढी, गळ्यात वीणा. मागे दोन टाळकरी. आप्पांनी जागच्या जागी हात जोडले. बुवांचा आवाज गोड होता, शब्द स्वच्छ होते. पाच मिनिटांत आप्पा डोलायला लागले. योगिता कधी रंगमंचाकडे बघे, कधी बापाच्या चेहऱ्याकडे. सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते मागचे दोन टाळकरी डिंडोलीशेजारच्या गोडादऱ्याचे होते, पोरं गुणाची, पण तालाशी त्यांचं वैर. म्हणून दिग्दर्शक अविनाश सरांनी त्यांच्या टाळांना आतून कापूस चिकटवला होता आणि टाळमृदंगाचा आवाज लॅपटॉपवरून सोडला होता. तो लॅपटॉप नेमका गजराच्या वेळी स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला.

बुवांनी हात वर केले. "विठ्ठल विठ्ठल!" मागे टाळ जोरजोरात हलू लागले. आवाज काही नाही.

आप्पांनी आधी डाव्या कानात बोट घालून हलवलं, मग उजव्या. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मालती," ते म्हणाले, "माझे कान गेले गं."

"काय म्हणता?" मालतीबाई दचकल्या.

"तुझं ऐकू येतंय." आप्पांनी कानातलं बोट काढलं. मग त्यांना उलगडा झाला. "म्हणजे त्या पोरांचे टाळच मुके आहेत! बुवा उघडे पडले!"

बुवा खरोखरच उघडे पडले होते. साथ तुटल्यामुळे अक्षय पुढचं वाक्य विसरला होता आणि हात वर धरून नुसता उभा होता. बुवा थांबले की ती जागा टाळकऱ्याने गजराने भरून काढायची, एवढं एक कर्तव्य आप्पांनी चाळीस वर्षं चुकवलं नव्हतं. ते आज चुकवणार? योगिता "आप्पा, आप्पा" म्हणेपर्यंत ते पिशवी घेऊन बाजूच्या पायऱ्या चढून रंगमंचावर पोहोचलेही.

टण्! आप्पांचा टाळ वाजला आणि हॉल दणाणला. "विठ्ठल विठ्ठल!" डिंडोली-गोडादऱ्याच्या मराठी वस्तीतून आलेली निम्मी माणसं खुर्च्यांतून उठून टाळ्या वाजवायला लागली. कुणी मूळ खेडचे, कुणी भुसावळचे, कुणी दोंडाईचाचे, सगळे क्षणात आपापल्या गावच्या देवळात जाऊन उभे राहिले. त्या गुजराती बेनही टाळी धरून होत्या.

बुवांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांची उरलीसुरली वाक्यंही गेली.

"चालू द्या बुवा, मी आहे," आप्पा म्हणाले.

विंगेत अविनाश सर दातओठ खात होते. "आदित्य, जा! तू एन्ट्री घे, म्हणजे सीन पुढे सरकेल!"

आदित्य म्हणजे तो मिशीवाला थोरला भाऊ, नाटकातला खलनायक. त्याने भर कीर्तनात घुसायचं, "बंद करा हे!" म्हणून गरजायचं, वीणा हिसकावायची आणि मग पुरतं अर्धं मिनिट भयंकर हसायचं. ते हसणं त्याने तीन महिने घराच्या गच्चीवर घोटलं होतं. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली होती. त्याने झेप घेतली.

"बंद करा हे!"

आप्पांनी मान वळवली. त्यांना राग आला नाही. भांडणाऱ्या घरातला माणूस शेवटी कीर्तनाच्या जागी आला, यातच त्यांना आनंद होता. "आलास का बाळा? बरं झालं," म्हणत त्यांनी खिशातून डबी काढली, त्याच्या कपाळाला बुक्का लावला, दुसरा टाळ त्याच्या हातात दिला आणि खांदा दाबून खाली बसवला. "हो, वाजव. पहिल्यांदा चुकतंच. लाजायचं नाही."

आदित्यने विंगेकडे पाहिलं. सर आपलं कपाळ बडवत होते. त्याने आप्पांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्याने टाळ वाजवला.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी सुधारायचा खलनायक दुसऱ्या अंकातच सुधारला. आता तिसऱ्या अंकात करायचं काय?

"पडदा!" सर ओरडले. पण पडदेवाला चलथाणचा, घरात कीर्तनाची परंपरा. त्याचे दोन्ही हात टाळ्या वाजवण्यात गुंतले होते.

शेवटी आप्पांनीच रीतीप्रमाणे गजर आवरता घेतला, टाळ खाली ठेवले आणि बुवांच्या पाया पडायला वाकले. बुवा घाबरून मागे सरकले.

"आप्पा, नको! आप्पा, मी अक्षय आहे!"

हे तो कुजबुजला होता. पण माईक सदऱ्याच्या गळ्याला लावलेला, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आप्पा वाकलेले तसेच राहिले. योगिताने मालतीबाईंचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आप्पांनी मान वर करून त्या दाढीकडे जवळून नीट पाहिलं.

"घरी जावई असाल," ते सावकाश म्हणाले. "इथे नारदाच्या गादीवर उभे आहात, तोवर बुवा. बाकीचं घरी गेल्यावर बघू." आणि त्यांनी जावयाच्या पायांवर डोकं ठेवलं.

पडदेवाल्याने तेव्हा कुठे पडदा पाडला, तोही डोळे पुसत.

नाटक अर्थातच स्पर्धेतून बाद झालं. एक तर रंगमंचावरचा माणूस यादीत नाही, दुसरं म्हणजे तिसरा अंक राहूनच गेला आणि तरी वेळ अठरा मिनिटं जास्त. परत जाताना रिक्षात चौघं दाटीवाटीने बसले होते. उधन्याचा पूल ओलांडल्यावर आप्पा खाकरले.

"गजर घेताना तुम्ही सूर फार चढा धरता, बापू. टाळकऱ्याची दमछाक होते."

अक्षयने आधी योगिताकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "उद्या सकाळी बसू का आप्पा? दाखवाल मला?"

"आप्पा, मी काय म्हणते," योगिता मध्येच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको गं. आमचं चाललंय."

मालतीबाई रिक्षाबाहेर बघत म्हणाल्या, "मला तर बुवा चालत आले तेव्हाच कळलं होतं, हे आपले जावईबापूच. डावा पाय आधी टाकतात."

चार दिवसांनी अविनाश सर पेढ्यांचा पुडा घेऊन डिंडोलीला आले. नाटकाचा व्हिडिओ कुणीतरी पसरवला होता आणि तीन मंडळांची बोलावणी आली होती, पण अट एकच: टाळवाले बाबा हवेत. आप्पा म्हणाले, "नाटकात मी काम करणार नाही. कीर्तन असेल तर येईन." सर म्हणाले, "कीर्तनच आहे." तेही खोटं बोलले नव्हते. तेव्हापासून नाटक दोनच अंकांचं झालं. खलनायक आत येतो, बुक्का लावून घेतो आणि टाळ वाजवतो. परवा बाळाच्या बारशालाही आदित्यच टाळाला होता. हात आता बरा बसलाय त्याचा.

सगळ्यांचं भलं झालं, नाही? तर एक विनंती ऐकून मग उठा. त्या पोराने गच्चीवर तीन महिने घोटलेलं ते हसणं अजून तसंच आतल्या आत राहिलंय. ते हसायला आता नाटकात जागाच उरली नाही, आणि बिचारा कुणाला म्हणतही नाही. तुम्ही कधी कीर्तनात बसाल, बुवा एखादा विनोद करतील आणि तुम्हाला पोटभर हसू येईल, तेव्हा त्यातलं थोडं आदित्यच्या नावाने हसा. त्याची आठवण ठेवा.