डॉक्टर वर जाणार आहेत

"भर उन्हाळ्यात?" तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारत बायकोने विचारलं.

"थंडीत काय, कुणीही चढतं," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर दातांचे. पन्नाशी ओलांडलेली, पोट थोडं पुढे आलेलं आणि आत्मविश्वास पोटाच्याही पुढे. गावाबाहेरचा तो उंच डोंगर त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीतून रोज दिसायचा. पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत डॉक्टर खिडकीशी उभे राहून डोंगराकडे बघत राहायचे. बघण्यापलीकडे काही करायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. पण रविवारी मेव्हणा चहाला आला आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "भाऊजी, आता तुम्ही डोंगर खालूनच बघायचा." मेव्हणा बोलून गेला आणि विसरलाही. डॉक्टर विसरले नाहीत.

"दाढ काढायची तर मी आधी एक्स-रे काढतो," त्यांनी बायकोला समजावलं. "हेही तसंच. आधी तयारी, मग हात घालायचा."

"गुडघ्यांना विचारलंत का?" बायको म्हणाली आणि पुन्हा पेपरांकडे वळली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे चुकीचं उत्तर आलं तरी शांत राहायची तिला सवय होती.

तयारी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. डॉक्टरांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणजे डोंगर जणू घरीच आलेला. दातांचे साचे घ्यायचं प्लास्टर दवाखान्यात पोत्याने यायचं. त्यातलं थोडं पिशव्यांत भरून त्यांनी पाठीवरच्या मोठ्या सॅकमध्ये कोंबलं, नवे बूट चढवले आणि उजाडता उजाडता जिना उतरायला सुरुवात केली. फाटकापर्यंत जायचं, वळायचं आणि पुन्हा वरपर्यंत चढायचं, असा बेत होता. चालताना बोलायचं नाही, दम वाया जातो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

तळमजल्यावरच्या काकूंचं दार जिन्यासमोर, आणि दार सदैव उघडं. पाठीवर एवढं ओझं, ओठ घट्ट मिटलेले, नजर पायांशी, अशा अवतारात डॉक्टर दिसले तेव्हा काकूंच्या हातातली केरसुणी तशीच राहिली.

"निघालात?" त्यांनी विचारलं.

"निघालो," डॉक्टर म्हणाले. एका शब्दात भागत असेल तर दुसरा कशाला खर्च करायचा?

थोड्या वेळाने तेच डॉक्टर लालबुंद चेहऱ्याने फाटकापासून परत फिरले आणि मान खाली घालून वर गेले. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस घर सोडायला निघतो आणि फाटकापाशी त्याचा पाय अडतो, हे काकूंनी बरोब्बर ओळखलं. त्यांनी डॉक्टरांच्या बायकोला शाळेतून येताना गाठलं.

"काय गं, घरात सगळं ठीक आहे ना?"

"कसलं ठीक, काकू. डोकं खाल्लंय नुसतं. समजावून थकले, पण ऐकतील तर शपथ."

"म्हणजे जाणारच म्हणतात?"

"जाणारच. मी म्हटलं, जा बाबा. हौस फिटली की येतील आपले मुकाट्याने परत."

काकूंनी तिचा हात हातात घेतला. "फार मोठ्या मनाची आहेस गं तू."

"मन कसलं मोठं? मला पेपर तपासायचेत," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

काकूंनी ही गोष्ट फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घातली. सेक्रेटरी नोकरीतून निवृत्त झालेले होते आणि तेव्हापासून बिल्डिंगमधली भांडणं सोडवत होते. भांडणं पुरेशी नसल्यामुळे ते जरा सुकलेच होते. त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना मधल्या मजल्यावर धापा टाकताना पकडलं.

"डॉक्टर, दोन शब्द बोलू का?"

"बोला की. तेवढाच दम खातो." डॉक्टर सॅकसकट पायरीवर बसले.

"हे जे तुम्ही ठरवलंय, ते फार दिवस मनात आहे?"

"वर्षं झाली हो. रोज दवाखान्याच्या खिडकीत उभा राहायचो आणि मागे फिरायचो. आता म्हटलं, बास. एकदाचं करून टाकू."

"वहिनींचा विचार केलात?"

"केला तर. पण तिला नाही झेपणार."

"कधी जायचं म्हणताय?"

"या रविवारी. उजाडायच्या आत निघायचं, ऊन तापायच्या आत वर. म्हणजे जास्त त्रास होत नाही."

"वर?"

"अगदी वर. अर्ध्यातून परत फिरायचं नाही, हे ठरवूनच चाललोय." डॉक्टर उठले, सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. तयारी पक्की आहे." आणि पुढच्या पायऱ्या चढू लागले.

सेक्रेटरी कठडा धरून तिथेच उभे राहिले. आतापर्यंत प्रश्न फक्त घर सोडण्याचा होता. आता तो जग सोडण्यावर गेला होता.

सेक्रेटरींनी विश्वासातल्या एकालाच सांगितलं. त्या एकाचाही विश्वासातला एक होता. त्यामुळे आठवडा अर्धा सरेपर्यंत डॉक्टरांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. वर्षभर टाळाटाळ केलेले पेशंट स्वतःहून तोंड उघडून बसले. कापडाचे एक दुकानदार तर रांग मोडून आत आले.

"डॉक्टर, माझ्या दाढेचं काम अर्धं राहिलंय. तेवढं उरकून टाका. मग तुम्ही मोकळे."

"अहो, घाई काय आहे? पुढच्या आठवड्यात करू."

"पुढच्या आठवड्यात तुम्ही असाल?"

"न असायला काय झालं?"

दुकानदारांनी त्यांचा हात थोपटला. "असंच बोलत राहा. ऐकायला बरं वाटतं."

कवळीचं माप द्यायला आलेल्या एक आजी माप देऊन झाल्यावरही खुर्चीतून उठेनात. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "जगण्यासारखं पुष्कळ असतं हो."

"असतं ना," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "म्हणून तर दात सांभाळायचे."

घरी आल्यावर त्यांनी आरशात स्वतःला निरखलं. "जिने चढायला लागल्यापासून चेहऱ्यावर तेज आलंय," त्यांनी बायकोला सांगितलं. "लोकांना ते जाणवतं. गर्दी बघितलीस का दवाखान्यात?"

शनिवारी दुपारी बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तर गच्चीच्या दाराला भलंमोठं नवं कुलूप. ती तरातरा खाली सेक्रेटरींकडे गेली आणि त्यांना घेऊनच वर घरी आली. सेक्रेटरींच्या मागून काकू आल्या. काकूंच्या मागून मेव्हणाही आला. त्याला सेक्रेटरींनी फोन करून बोलावून घेतलं होतं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कपडे वर आणि किल्ली तुमच्याकडे. हा काय प्रकार आहे?" बायको म्हणाली.

"वहिनी, रविवार सुखरूप टळू दे. मग किल्ली देतो."

"रविवारचा आणि गच्चीचा काय संबंध?"

सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "डॉक्टर उद्या वर जाणार आहेत, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे की. डबा मीच भरून देणारे."

काकू मटकन खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात डॉक्टर आतल्या खोलीतून आले. एका हातात तेल लावून मऊ केलेले बूट, दुसऱ्या हातात डोंगराचा नकाशा. सगळ्यांना बघून त्यांना आनंदच झाला. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि वाट कुठून चढते, कडा कुठे उभा आहे, सावली कुठवर मिळते हे दाखवायला सुरुवात केली. सगळे आळीपाळीने नकाशाकडे आणि बुटांकडे बघत होते. लोक आपलं नियोजन बघून थक्क झाले आहेत, असा डॉक्टरांनी अर्थ काढला.

"म्हणजे वर म्हणजे डोंगरावर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मग आणखी कुठे?"

सगळा उलगडा झाल्यावर सगळ्यात जास्त मेव्हणा हसला. डोळे पुसत हसला. डॉक्टरांनी त्याला हसू दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "तूही येतोयस ना उद्या?"

मेव्हण्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याची कंबर गेला आठवडाभर धरली होती, असं त्याला आठवलं.

आपली चूक झाकायला सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले, "आमचं काय चुकलं हो? तुम्हीच म्हणालात, वहिनींना झेपणार नाही."

बायकोने डॉक्टरांकडे बघितलं.

"मला झेपणार नाही, असं म्हणालात?"

"अजिबात दुखणार नाही," असं पेशंटच्या डोळ्यांत बघून रोज बेधडक सांगणारे डॉक्टर नकाशाची घडी घालू लागले.

"डबा दोघांचा भरते," ती म्हणाली. "आणि ते प्लास्टर आधी सॅकमधून काढा."

रविवारी अंधारातच दोघं निघाली. डॉक्टर सुरुवातीला पुढे होते. श्वास कसा घ्यायचा, पाऊल कसं टाकायचं, हे ते मागे वळून सांगत होते. पहिल्या उभ्या चढावर ते तिच्या बरोबरीने आले आणि त्यानंतर मागून सांगू लागले. तिचा सगळा जन्म फळ्यासमोर उभं राहण्यात गेला होता. डॉक्टरांचा बसण्यात. तरी जिन्यांनी त्यांना दगा दिला नाही. ऊन तापायच्या आत दोघंही माथ्यावर पोचली, ती जरा आधी आणि ते जरा नंतर.

वर वारा होता. ती एका दगडावर बसली आणि खालच्या इवल्याशा गावाकडे बघत राहिली.

"निघायला हवं," डॉक्टर म्हणाले. "बेताप्रमाणे आपण आता उतरत असायला हवं होतं."

"थांबा हो जरा. हे सगळं इतकी वर्षं इथेच होतं, आणि मी पेपर तपासत बसले होते."

त्यावर डॉक्टरांनी बेत गुंडाळून ठेवला आणि शेजारी बसले. या थांबण्याची किंमत उतरताना मोजावी लागली. खडक तव्यासारखे तापले. पाणी संपत आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तू पी, मला तहान नाही." हे त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की तिचा विश्वास बसला. उतारावर त्यांच्या मांड्या आधी थरथरल्या, मग पेटल्या आणि पायथ्याशी येईपर्यंत त्या आपल्या आहेत की परक्या, हेच कळेनासं झालं.

दिवेलागणीला दोघं बिल्डिंगमध्ये शिरली. समोर जिना होता. डॉक्टरांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा विचार केला. विचार पोचला, पाय पोचला नाही.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी काकूंकडे घोटभर पाणी पितो."

पाणी पोटात गेलं आणि डॉक्टर सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले. काकूंनी जिन्यातून वर हाक मारली, "उठवू का गं यांना?"

"नको काकू," वरून दमलेला आवाज आला. "आज माझ्यात बोलायचंही त्राण नाही. राहू दे त्यांना तुमच्याकडेच."

काकूंनी जे ऐकायचं ते ऐकलं.

सकाळी डॉक्टरांनी डोळे उघडले तेव्हा समोर सेक्रेटरी चहाचा कप घेऊन बसले होते. दाराशी काकू. त्यांच्यामागे वरच्या मजल्यांवरचे दोघं-तिघं सहजच आल्यासारखे उभे होते.

"डॉक्टर, मोकळेपणी बोला," सेक्रेटरी हळुवार म्हणाले. "डोंगरावर काही वाजलं का तुमचं? वहिनींनी काल घरात घेतलं नाही म्हणे."

डॉक्टर सगळ्यांकडे बघत राहिले. डोंगर जिंकून आलेल्या माणसाला घरचा जिना चढता आला नाही, हे त्यांना सांगता आलं असतं. ते खरंही होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हो," ते धीराने म्हणाले. "थोडं भांडण झालं."

"मी बोलू का वहिनींशी?"

"नको. मीच जातो. माझी चूक आहे, मीच मिटवतो."

ते उठले. दोन्ही हातांनी कठडा धरला, डोळे मिटले, एक पाय वर घेतला, थांबले, मग दुसरा. खालून सगळे श्वास रोखून बघत होते.

"बघा," काकू पदर डोळ्यांना लावत कुजबुजल्या, "पाऊल उचलत नाहीये बिचाऱ्याचं. फारच मनाला लावून घेतलंय."