नारळ थांबेपर्यंत

दोन वर्षं, बर्फाचे महिने सोडले तर, जवळजवळ दर शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या कुंपणावर धाडकन नारळ आपटायचा. एडमंटनमध्ये नारळाची झाडं नाहीत, त्यामुळे तो वरून पडण्याचा प्रश्नच नव्हता. तो शेजारच्या मोहितेकाकांनी सोडलेला असायचा. त्यांचं बॅकयार्ड घरापासून थेट आमच्या कुंपणापर्यंत इतकं उतरतं होतं की नुसतं उभं राहायचं तरी काहीतरी धरावं लागायचं.

आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच शनिवारी मी तणतणत त्यांच्याकडे गेले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं.

"परीक्षा," काका शांतपणे म्हणाले. "नारळ मधेच थांबला की मंजू मागचं दार उघडणार."

मंजू म्हणजे त्यांची मुलगी. काका तिच्याकडेच राहतात. तिची तारा दोन वर्षांची असताना या उतारावरून गडगडत खाली गेली आणि खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून मंजूने मागच्या दाराला कुलूप घातलं. त्यामुळे काकांना स्वतःच्याच अंगणात यायला पुढच्या दाराने निघून, बगलेत नारळ घेऊन घराला वळसा घालावा लागे.

काका साताऱ्याकडचे. मृदसंधारण खात्यात डोंगरउतारांवर बांध घालण्यात हयात गेली. "एकतीस वर्षांत माझा एक बांध फुटलेला नाही," हे ते आपलं नाव सांगायच्या आधी सांगत. दुसरं आवडतं वाक्य, "धावत्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं." हे खात्यात पाण्याबद्दल म्हणत असत, काका ते कशालाही लावतात. माझा नवरा दोन वर्षांत तिसऱ्यांदा नोकरी बदलायला निघाला, तेव्हा त्यालाही ऐकवलं. आणि माझं कधी न ऐकणारा माझा नवरा थांबला की!

समपातळीची रेषा आखायला गावाकडे बांबूची तिकोनी चौकट करतात आणि मध्ये ओळंबा सोडतात. इथे बांबू कुठला? काकांनी गराज सेलमधून दोन जुन्या हॉकी स्टिक्स आणल्या, त्यांना पडद्याची दांडी आडवी बांधली आणि ती चौकट घेऊन उतारावर पावलं टाकत फिरू लागले. समोरच्या केविनने कौतुकाने विचारलं, कोणत्या टीममध्ये खेळता? "सॉइल कॉन्झर्व्हेशन," काका म्हणाले. केविनने आदराने मान डोलावली. तो अजूनही स्कोअर विचारतो.

सप्टेंबरपर्यंत तीन दगडी बांध उभे राहिले आणि नारळ दुसऱ्या टप्प्यावर थांबायला लागला. मी म्हटलं, सुटलो. पण काकाच दार उघडू देईनात. बांधावरून एक मोसम गेल्याशिवाय खात्यात तो पास करत नाहीत म्हणे. मंजूने कपाळाला हात लावला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि तिन्ही बांध पोट पुढे काढून उभे दिसले. एक तर कोसळलाच. पावसात फुगणारी काळी जमीन काकांना तोंडपाठ होती. थंडीत गोठून फुगणारी जमीन त्यांच्या खात्यात कधी आलीच नव्हती. मंजू म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना. आपण घर सेल करू, फ्लॅट यार्डवालं बघू."

त्यानंतर दोन शनिवार काकांनी नारळ सोडलाच नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी थालीपीठ द्यायचं निमित्त करून गेले, तर काका त्या कुलूपबंद दारापाशी खुर्ची टाकून काचेतून बाहेर बघत बसले होते.

"त्या दिवशी तारा माझ्याकडे होती," ते म्हणाले. "गावाहून फोन आला म्हणून आत आलो. दोन मिनिटं गं. मंजू मला एक शब्द बोलली नाही, फक्त कुलूप लावलं. पण त्यानंतर एकदाही तिने ताराला माझ्यावर सोडलेलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी घरी आले आणि नवऱ्याच्या हातात फावडं दिलं.

तो सगळा उन्हाळा आम्ही खणत होतो. पाया खोल नेला, बांधांच्या मागे खडी भरली, पाणी साठून गोठू नये म्हणून पाइप टाकला. काका इथेच जन्मलेल्या केविनकडून इथल्या जमिनीचे धडे घेत होते आणि त्यालाच शिकवल्यासारखे माना डोलावत होते. त्यांच्या वाक्यात एका शब्दाची भर पडली: "भारतात एकतीस वर्षांत माझा एक बांध फुटलेला नाही."

आणखी एक हिवाळा गेला. बांध तसूभर हलले नाहीत. वरच्या टप्प्यावर मेथी उगवली, मधल्यावर हिरवळ आली, खालच्यावर करंट्स या आंबट फळांची झुडपं आणि कडेने कठडा. मेअखेरच्या शनिवारी आठ वाजून गेले तरी धाड झाली नाही, म्हणून मी बाहेर धावले. नारळ मेथीत स्वस्थ पडला होता. काकांनी दोनदा पुन्हा सोडून पाहिला. दोन्ही वेळा थांबला.

मग कुलूप उघडल्याचा आवाज आला. तारा धावत बाहेर आली आणि मधल्या टप्प्यावर जाऊन उड्या मारायला लागली. "आजोबा, इट्स लाइक जायंट स्टेअर्स!" काका नारळ फोडायला दगड शोधत होते. मंजू दारात उभी राहून बांधांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी आत जाते, चहा टाकते. तारा तुमच्याकडे आहे."

आणि मागे वळून न बघता आत गेली.

काकांनी नारळ खाली ठेवला आणि कठड्याला धरून उभे राहिले. खिशातला फोन वाजला, वाजून बंद झाला. मंजूने चहाचा कप त्यांच्याजवळ बांधावर आणून ठेवला. बऱ्याच वेळाने ती दारातून म्हणाली, बाबा, चहा गार होतोय.

"होऊ दे," काका म्हणाले. तारावरची नजर त्यांनी हलवली नाही.